तुरीचे पैसे आणि सिलिकॉनची बॅटरी

पहाटे साडेपाच

थंडीच्या दिवसांत अमेरिकेचा शेअर बाजार आपल्या घड्याळाने रात्री अडीचला बंद होतो. मी उठतो तेव्हा तिथले भाव ठरून तीन तास झालेले असतात आणि गिऱ्हाइकांचे निरोप फोनवर साचलेले असतात. जानेवारीतली हुमनाबादची पहाट शालीशिवाय सोसत नाही. चहा घेत मी आधी निरोप वाचतो, मग भाव. आज बहुतेक निरोप एकाच विषयाचे आहेत. आळंदचे एक गुरुजी, कलबुर्गीचे एक डॉक्टर, भालकीचा सोयाबीनचा व्यापारी, तिघांनी कुठून तरी आलेला एकच मजकूर इकडे ढकललाय. ग्रॅफाइटचा जमाना संपला, बॅटरीत आता सिलिकॉन येणार, ताकद दहापट, शेअर आजच उचला.

सेबीच्या नियमांत माझ्यासारख्याला ‘अधिकृत व्यक्ती’ म्हणतात. लोक सबब्रोकर म्हणतात, जुनी माणसं शेअरवाले अण्णा म्हणतात. ऑर्डर टाकणं, खाती उघडणं, म्युच्युअल फंडाचे फॉर्म भरून घेणं हा माझा धंदा. अमुक घ्या, तमुक विका असं सांगायचा परवाना वेगळा असतो, तो माझ्याकडे नाही, आणि असल्यासारखं मी वागत नाही. पण वस्तू काय आहे, कंपनी ती आज बनवते की उद्या बनवणार म्हणते, हे समजावून सांगायला कुणाची मनाई नाही. त्यासाठी आधी मला कळलं पाहिजे. म्हणून हा तास वाचनाचा.

आज वाचतोय ते अँप्रियस या अमेरिकन कंपनीबद्दल. स्टॅनफर्डचे प्राध्यापक यी कुई यांनी 2008 मध्ये ती काढली. त्याच वर्षी त्यांच्या गटाचा सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तारांवरचा निबंध ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’मध्ये छापून आला, आणि सिलिकॉनच्या बॅटरीची आजची धावपळ बरीचशी तिथून सुरू होते. कंपनी 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात आली. 2024 मध्ये तिचा शेअर एका डॉलरच्याही खाली मिळत होता, 2025 मध्ये तो दहा डॉलरच्या वर गेला. कलबुर्गीच्या डॉक्टरांना झोप का लागत नाही ते यावरून समजतं.

सव्वासहा

माणिकनगरच्या रस्त्याने फिरायला निघतो. सोबत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर असतात. माणिकप्रभूंच्या संस्थानामुळे आमच्या या भागात मराठी, कन्नड, उर्दू एकाच ओसरीवर नांदतात. सरही वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवतात, आणि अडलेली गोष्ट समजावायची वेळ आली की मात्र थांबून, रस्त्याच्या कडेला उभं राहून, मराठीत बोलतात.

आज मी विचारलं, “सर, दहापट हे खरं आहे का?”

“अर्धं खरं आहे.” सर थांबले. बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियम ऋण टोकात, म्हणजे अ‍ॅनोडमध्ये जाऊन बसतं. 1991 मध्ये सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी विकायला आणली तेव्हापासून हा अ‍ॅनोड कार्बनचा, पुढे मुख्यतः ग्रॅफाइटचा राहिला आहे. ग्रॅफाइटमध्ये एका लिथियमला जागा द्यायला कार्बनचे सहा अणू लागतात. सिलिकॉनचे चार अणू पंधरा लिथियम सामावून घेतात. म्हणून ग्रॅफाइटची ग्रॅममागे क्षमता 372 मिलिअँपिअर-तास, आणि सिलिकॉनची सुमारे 3,600. आकडे बरोबर आहेत, दहापट तिथून आलं.

“मग अर्धंच का?”

“बॅटरीत अ‍ॅनोड एकटा नसतो ना.” समोर कॅथोड असतो आणि त्याची क्षमता ग्रॅममागे साधारण दोनशेच. त्याशिवाय तांब्याचा पत्रा, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, द्रव, वेष्टन. अ‍ॅनोड कितीही सुधारला तरी बाकीच्यांचं वजन कमी होत नाही. त्यामुळे अख्ख्या बॅटरीत पदरी पडतं ते वीस ते चाळीस टक्के. सर म्हणाले, “चाळीस टक्के ही काय लहान गोष्ट आहे? ग्रॅफाइटवर तीस वर्षं घासून घासून एवढं एका उडीत कधी मिळालं नव्हतं.”

आणि मग त्यांनी खरी अडचण सांगितली. लिथियम आत शिरलं की सिलिकॉनचा कण फुगून तिपटीच्या वर जातो. बाहेर पडलं की परत आक्रसतो. ग्रॅफाइट फुगतं ते दहा टक्क्यांच्या आसपास. सरांनी भालकीकडच्या रानाकडे बोट केलं. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर मुरूम न भरता घर बांधलं की दोन-तीन वर्षांत भिंत तडकते. सिलिकॉनचा कण रोज तसा फुगतो नि तडकतो. प्रत्येक तड्यात कोरा पृष्ठभाग उघडा पडतो, त्यावर द्रवाचा थर चढतो, आणि तो थर चढताना थोडं लिथियम कायमचं अडकून बसतं. असं शंभर-दोनशे वेळा झालं की बॅटरी रिकामी. जगभरच्या कंपन्या गेली पंधरा-सतरा वर्षं या मातीवर पाया कसा घालायचा एवढंच शोधत आहेत. ज्यांना जमलं त्यांनी मुरमासारखाच उपाय केला. सच्छिद्र कार्बनचा सांगाडा घेतला, त्याच्या छिद्रांत सिलेन नावाच्या वायूतून सिलिकॉन बसवला, आणि छिद्रांत मुद्दाम रिकामी जागा ठेवली, म्हणजे सिलिकॉन फुगला तर आतल्या आत फुगतो, बाहेरचा कण तसाच राहतो.

परत येताना मी म्हटलं की निरोपात लिहिलंय, सिलिकॉन वाळूपासून होतो, वाळू फुकट, म्हणून बॅटरी स्वस्त होणार. सरांना हे आवडलं नाही. सिलेन हवेला लागला की आपोआप पेटतो. तो बनवायला, साठवायला, न्यायला जी व्यवस्था लागते ती वाळूच्या भावात उभी राहत नाही.

साडेआठ

ऑफिस उघडतं. बसस्टँडपासून जवळ, खाली आडतीची दुकानं, वर आम्ही. ऑफिसातली मुलगी कन्नड फॉर्म वाचून मराठी माणसाला आणि मराठी सही कन्नड बँकेला समजावते. तिच्याशिवाय माझं पान हलत नाही. दोन नवी खाती, एका आजींचं वारस नोंदवायचं राहिलेलं काम, एका खात्याचा आधार आणि पॅनवरच्या नावांतला फरक. आमच्या सीमाभागात हा फरक घरोघरी आहे, कारण शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये आणि पॅन इंग्रजीत झालेलं असतं.

नऊ ते अकरा

नऊला बाजारपूर्व सत्र, सव्वानऊला बाजार. पहिल्या पंधरा मिनिटांत फोन ठेवायला फुरसत नसते.

“अण्णा, हिमाद्री एष्टु?”

हिमाद्री स्पेशालिटी केमिकल ही कोलकात्याची कंपनी. कोळशाच्या डांबरापासून पिच आणि कार्बन ब्लॅक बनवते, आणि तिचा नफा मुख्यतः त्यावरच आहे. 2023 मध्ये तिने सिकोना या ऑस्ट्रेलियन कंपनीत हिस्सा घेतला. सिकोना सिलिकॉन-कार्बन अ‍ॅनोडवर काम करते. पुढे तेच तंत्रज्ञान भारतात आणण्याचा करारही झाला. 2023 च्या सुरुवातीला शंभर रुपयांच्या आसपास असलेला हा शेअर सप्टेंबर 2024 मध्ये सहाशेच्या वर गेला आणि पुढच्या काही महिन्यांत बराच खाली उतरला. ज्याने शंभरला घेतला तो गावभर सांगतो, ज्याने साडेसहाशेला घेतला तो मला सकाळी फोन करतो. दोघांनाही मी एकच विचारतो, की कंपनीच्या विक्रीत सिलिकॉनचे आज किती रुपये आहेत? पिच आणि कार्बन ब्लॅकचा धंदा म्हणून भाव पटतो का, हा एक हिशोब. उद्याच्या अ‍ॅनोडचे म्हणून वर किती मोजायचे, हा दुसरा. दोन्ही एकाच कागदावर मांडायला हरकत नाही, पण दोन रकान्यांत मांडा.

बसवकल्याणहून एका हार्डवेअरवाल्याचा फोन. “आपल्याच भागात बॅटरीचा कारखाना आहे म्हणे, बल्लारीला. त्याचा शेअर द्या की.” तो म्हणतो ते एप्सिलॉनचं. तोरणगल्लूला, विजयनगरच्या पोलाद कारखान्याच्या शेजारी, कोळशाच्या डांबरापासून ते अ‍ॅनोडसाठी कृत्रिम ग्रॅफाइट बनवतात. डांबराचा कोक करून तो सुमारे 3,000 अंशांना तापवावा लागतो. कल्याण कर्नाटकात हे काम होतंय याचा मला मनापासून अभिमान आहे. अ‍ॅनोडच्या ग्रॅफाइटसाठी जग चीनवर किती टेकलेलं आहे ते डिसेंबर 2023 मध्ये चीनने ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवाना लावला तेव्हा सगळ्यांना दिसलं. पण ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. “मग बाजाराबाहेर कुठं मिळतोय का बघू?” असं त्याने विचारलं. बाजाराबाहेरचे शेअर विकणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा, असं सेबीने डिसेंबर 2024 मध्ये जाहीरपणे सांगितलंय. ते पत्रक मी त्याला पाठवलं आणि वाचल्यावर फोन करा म्हटलं.

अकरापर्यंत जोर ओसरतो.

पावणेबारा

खालच्या आडतीतून दुबलगुंडीकडचे एक मामा वर आले. डोक्याला टॉवेल, हातात तुरीची पट्टी. वीसेक पोती घातली होती. आडत, हमाली, तोलाई वजा जाऊन जी रक्कम राहिली ती आडत्याने कालच खात्यावर टाकली होती. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या बाजूची तूरही त्याच मातीतली, पण पट्टीवर त्याचा वेगळा रुपया दिसत नाही.

“अण्णा, पोरगं हैदराबादहून फोन करालंय. एक लाख बॅटरीत टाका म्हणतंय. वर्षात चार लाख होत्यात म्हणे.”

“बसा मामा. पाणी घ्या. पोरगा काय करतो तिथं?”

“कंपनीत हाय. कॉम्प्युटरवर.”

मी त्यांच्यासमोर कागद घेतला. या कामाला मी घाई करत नाही, बाजार वर जावो की खाली. आधी पैशाचं वेळापत्रक. पेरणी कधी? मृगात. बी-बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं मिळून किती? त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं आहे का? आहे. मुलीचं काय? जून-जुलैत बी.एड.ची फी. कागदावर हे लिहीत गेलो तसे एक लाखातले बरेच पैसे जुलैच्या आत खर्ची पडणारे निघाले.

“म्हंजे बॅटरीत टाकू नको म्हंताव?”

“तसं मी म्हणत नाही, आणि मला म्हणताही येत नाही. मी एवढंच म्हणतो, की जे पैसे जूनमध्ये लागणार आहेत त्यांना जूनपर्यंत शेअरात बसायला सांगू नका. शेअर पेरणीची तारीख ओळखत नाही.”

मामा गप्प झाले. मग त्यांनी विचारलं तो प्रश्न मला दिवसभर पुरला. “ती बॅटरी कुठं बनालीय का खरंच? का नुसतंच सांगालेत?”

हाच प्रश्न मोठमोठ्या गुंतवणूकदारांनी विचारायचा असतो, आणि तो आडतीतून वर आलेल्या माणसाने आपणहून विचारला. मी त्यांना सगळं सांगितलं. बनते. सिला नावाची अमेरिकन कंपनी 2011 मध्ये सुरू झाली. तिचा माल असलेली पहिली वस्तू, मनगटावर बांधायचा व्यायामाचा पट्टा, 2021 मध्ये दुकानात आली. मधली दहा वर्षं पैसे लावणारे थांबले होते. त्याच 2021 च्या जानेवारीत तिने 59 कोटी डॉलर उभे केले, तेव्हा तिच्या मालाची एकही वस्तू कुणाच्या हातात नव्हती. ग्रुप14 ही दुसरी. तिच्यात 2022 मध्ये पोर्शेने मोठी रक्कम घातली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये कोरियाच्या एसके समूहाच्या पुढाकाराने तिने आणखी 46 कोटी 30 लाख डॉलर मिळवले. दोघींनी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेक या गावी कारखाने उभारायला घेतले. यातल्या कुणाचाही शेअर आपल्याकडे मिळत नाही. जे मोटार कारखाने यांत पैसे घालतात त्यांचे पैसे दहा वर्षं अडकले तरी त्यांची पेरणी चुकत नाही.

“मंग पोराला घेऊन येतो. आयतवारी येतंय ते.”

“या. आयतवारी बाजार बंद असतो, निवांत बोलता येतं.”

जूनच्या खर्चाचे पैसे त्यांनी लिक्विड फंडात टाकले. उरलेल्यांचं काय करायचं ते रविवारपर्यंत राहिलं. पट्टी घडी घालून खिशात ठेवताना ते म्हणाले, “पोरगं रागावणार.” मला त्या पोराची बाजूही कळते. महिन्याचा पगार घेणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलाने आई-बापाच्या शेतीपेक्षा वेगळं काहीतरी वाढताना पाहिलंय, आणि त्या वाढीत घराचाही वाटा असावा असं त्याला वाटतंय. ही ओढ चांगली आहे. तिला एका रात्रीच्या निरोपावर सोडून देणं बरं नाही.

दीड

डबा. कडक भाकरी, एण्णगाई, शेंगाची चटणी, दही. ऑफिसातल्या मुलीच्या घरची करडईच्या पानांची भाजी.

अडीच ते साडेतीन

हा तास मला आवडत नाही. दिवसाच्या दिवसात घेऊन विकणारे आता घाबरतात. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने पाहणी छापली. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभरातल्या त्र्याण्णव लोकांचं नुकसान झालं, मिळून 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. मी तो कागद काचेखाली ठेवला आहे, येणाऱ्याच्या बाजूने वाचता येईल असा. तो वाचूनही काही जण ऑर्डर द्यायला सांगतात. मी देतो, कारण खातं त्यांचं आहे, पण प्रत्येक वेळी जीव तुटतो. चिटगुप्प्याचा एक तरुण गेल्या वर्षी याच तासात बापाच्या बोअरवेलचे पैसे घालवून बसला. त्याच्याशी मी आजही आठवड्यातून एकदा बोलतो. आता तो फंडात महिन्याला हजार टाकतो आणि बाजार बंद झाल्यावरच भाव बघतो.

साडेतीनला घंटा. हिशोब जुळतात. आज घेतलेले शेअर उद्या खात्यावर.

सव्वाचार

खाली उतरून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. सकाळपासून मनात होतं की ज्याबद्दल एवढं बोलतोय ते हातात घेऊन बघावं. हा दुकानदार बीदरचा, दखनी बोलतो, आणि त्याच्या हाताला फोन उघडायची अशी सवय आहे की स्क्रू पडल्याचा आवाजही येत नाही.

त्याच्या टेबलावर एका जुन्या फोनची बॅटरी होती, चांदीच्या रंगाची पिशवी, मधोमध उशीसारखी वर आलेली. “ये देखो अण्णा, पूरी फूल गई.” मी विचारलं, हीच का ती सिलिकॉनची फुगी? त्याला रसायनशास्त्र येत नाही, पण उत्तर नेमकं आलं. ही हवेची फुगी आहे, म्हणाला, बोट ठेवलं की दबते. खरंच दबली. जुन्या ग्रॅफाइटच्या बॅटरीत द्रव सडून वायू होतो, ती ही फुगी. सिलिकॉनचा कण आतल्या आत फुगतो ती गोष्ट वेगळी. लोक फुगलेली बॅटरी बघून दोन्ही एकच समजतात, म्हणून हे बोटाने दाबून बघितलं ते बरं झालं.

मग त्याने दुसरा फोन दाखवला, पडद्याला तडा गेला म्हणून आलेला, पोको एफ7. मागचं झाकण गरम हवेने सैल करून उचललं. बॅटरीच्या पट्टीवर 7,550 मिलिअँपिअर-तास लिहिलेलं. भारतात हा फोन 2025 च्या मध्यात आला, सिलिकॉन-कार्बन अ‍ॅनोडचा. शेजारी त्याने तीन वर्षांपूर्वीच्या फोनची पाच हजारांची बॅटरी ठेवली. दोन्ही तळहातावर घेतल्या. नवी थोडी मोठी, पण दीडपट मोठी नाही, आणि वीज मात्र तिच्यात दुसरीच्या दीडपट. माणिकनगरच्या रस्त्यावर सरांनी सांगितलेलं सगळं त्या दोन पिशव्यांमध्ये होतं. या अ‍ॅनोडमध्येही बहुतेक भाग ग्रॅफाइटच असतो, सिलिकॉनचा वाटा थोडा. थोड्या वाट्यात एवढा फरक पडतो, म्हणून जगातला पैसा तिकडे धावतोय, आणि तो उगाच धावत नाही.

“टिकती क्या?” मी विचारलं.

त्याने खांदे उडवले. अजून दोन वर्षं होऊ दे, म्हणाला, मग माझ्या टेबलावर येतील तेव्हा सांगतो.

मला हे उत्तर कंपन्यांच्या सादरीकरणांपेक्षा जास्त पटलं. फोन दोन-तीन वर्षांत बदलला जातो, म्हणून सिलिकॉन आधी फोनमध्ये, मनगटी पट्ट्यांत आणि ड्रोनमध्ये आला. एअरबसचं झेफिर नावाचं सौरविमान 2022 मध्ये 64 दिवस आकाशात होतं, त्यात अँप्रियसच्या बॅटऱ्या होत्या. तिथे वजन हेच सगळं, किंमत नंतर. मोटारीचं उलटं आहे. तिला आठ-दहा वर्षं टिकणारी बॅटरी लागते, आणि सिलिकॉनची बॅटरी वापरली नाही, नुसती ठेवली, तरी तिचं वय वाढत राहतं. हा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. आमच्या हुमनाबादच्या ई-रिक्षांत तर अजून शिशाच्या बॅटऱ्या आहेत. कल्याण कर्नाटकच्या एसटीत सिलिकॉन यायला किती वर्षं लागतील ते मी कुणाला सांगायला जाणार नाही.

साडेपाच

घरी परतून कानाला इअरफोन लावून बसलो. जानेवारी म्हणजे तिमाही निकालांचा महिना, आणि कंपन्यांचे अधिकारी विश्लेषकांशी बोलतात ती बैठक कुणालाही ऐकता येते. गावातल्या फार थोड्यांना हे माहीत आहे. मी दरवेळी सांगतो, की निरोप पाठवणाऱ्याचं ऐकता, मग कंपनी चालवणाऱ्याचं का नाही?

अ‍ॅनोडच्या कंपनीची बैठक असली की मी वहीत क्रियापदं टिपतो. ‘बनवतो’, ‘विकतो’, ‘पाठवलं’ हे एका बाजूला. ‘उभारणार’, ‘बोलणी चालू आहेत’, ‘नमुने दिले आहेत’ हे दुसऱ्या बाजूला. नमुने देणं ही चांगली खबर आहे, पण बॅटरी बनवणारा कारखाना नमुना घेतो, महिनोन्‌महिने चार्ज-डिस्चार्ज करून बघतो, मग मोठा नमुना मागतो, मग मोटार कंपनी स्वतः तपासते. मोटारीसाठी या रांगेत वर्षं जातात. मग वर्षाला किती टन, कोणत्या किमतीला, आणि शंभर किलोतला किती माल नापास होतो, हे विचारायचं. भारताने 2021 मध्ये प्रगत बॅटऱ्यांसाठी 18,100 कोटींची प्रोत्साहन योजना आणली, 50 गिगावॉट-तासांच्या कारखान्यांसाठी. ते कारखाने ठरल्या वेळेत उभे राहिले नाहीत. गिऱ्हाईकच उशिरा उभं राहिलं तर अ‍ॅनोड बनवणाऱ्याने माल कुणाला द्यायचा? मामांचा प्रश्न हाच होता, फक्त त्यांनी तो मोजक्या शब्दांत विचारला.

सात

देवाजवळ दिवा. बायकोने विचारलं, आज चेहरा का उजळलाय? मी तिला दोन बॅटऱ्यांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, मग आपल्या फोनला कधी येणार?

आठ

अमेरिकेचा बाजार उघडतो, तशी भालकीच्या एका मुलाची व्हिडिओ कॉलची वेळ होते. तो पुण्यात नोकरीला आहे, शिकला भालकीच्याच कॉलेजात. परदेशात वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवायची परवानगी रिझर्व्ह बँकेची आहे, तो पाठवतो ते त्याच्या पगारातले थोडेसे. त्याला अँप्रियस घ्यायचा आहे.

“काका, भाव बघितलात?”

“भाव राहू दे. तू काय वाचलंस ते सांग.”

आणि तो सांगू लागला. कंपनीने अमेरिकेच्या नियामकाकडे भरलेला तिमाही कागद त्याने उघडला होता. विक्री वाढतेय, ते दिसतं. तोटा आहे, तोही दिसतो. त्याने रोख पैशांचं पान उघडलं, आणि आम्ही दोघांनी मिळून हिशोब केला की दर तिमाहीत किती रोकड खर्च होते आणि हातातली किती तिमाही पुरेल. मग त्याने स्वतःहून एक गोष्ट दाखवली, जी माझ्या ध्यानात आली नव्हती. कंपनी नवे शेअर विकून पैसा उभा करते, तेव्हा जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. अख्ख्या कंपनीची किंमत दुप्पट झाली तरी त्याच्या शेअरचा भाव त्याच प्रमाणात वाढत नाही. शेअरांची संख्या त्याने वर्षागणिक मांडली होती, वहीच्या पानावर, निळ्या शाईने, आणि कॅमेऱ्यासमोर धरली होती.

मला फार बरं वाटलं. सीमेवरच्या शाळेत मराठीतून शिकून कन्नड, इंग्रजी मागाहून कमावलेला हा मुलगा न्यूयॉर्कच्या बाजारातल्या कंपनीचा ताळेबंद भालकीच्या हिशोबी पद्धतीने उलगडत होता. अशी दहा-वीस मुलं आमच्या भागात तयार झाली, तर पहाटेच्या निरोपांचा धंदा बसेल.

“मग घेऊ का?”

“ते तू ठरव. जे गेले तरी घरचं अडणार नाही तेवढंच. आणि पुढच्या तिमाहीचा कागद आला की मला फोन कर, हेच पान पुन्हा मांडू.”

“थोडेच घेतो, काका. आणि वही चालू ठेवतो.”

त्याला विचारलं, या रविवारी गावी येतोयस का? येतोय म्हणाला. मग दहाला ऑफिसात ये, म्हटलं, ती वही घेऊन. दुबलगुंडीचे मामा आणि त्यांचा मुलगा येणार आहेत, आणि सरांनाही मी आत्ता फोन लावतोय.